सवतीच्या कपाळावर

चहा झाला होता, तरी तृप्तीनं आणखी अर्धा कप आणून दिला, तेव्हाच बद्रीनाथला कळायला पाहिजे होतं. या घरात दुसरा चहा न मागता मिळत नाही. चतुराबाई होती तेव्हा तो मागूनही मिळत नव्हता. पण वर्षश्राद्ध कालच उरकलं होतं, लेक सासरहून आली होती, आणि बायको गेलेल्या माणसाला काय बोलावं हे सुचलं नाही की लोक त्याला चहा पाजतात, हे त्याला वर्षभरात कळून चुकलं होतं. त्यानं कप घेतला.

"सावकाश प्या अण्णा," तृप्ती म्हणाली. "घाई कशाची?"

घाई तर आजच होती. जालन्याला जुन्या गाड्यांची रॅली होती. ऊन चढायच्या आत घनसावंगी सोडायचं, असं मुलानं, भारतनं, काल श्राद्धाच्या पंगतीतच सगळ्यांना बजावलं होतं. तरी लेक दारात उभी राहून बापाच्या कपाकडं आणि अंगणाकडं आळीपाळीनं बघत होती. मग बाहेरून भारतची हाक आली, "हं, पाठव त्यांना," आणि तृप्तीनं अर्धा चहा राहिलेला कप बापाच्या हातातून काढून घेतला.

बद्रीनाथ बाहेर आला. पत्र्याच्या शेडमधून ट्रक अंगणात काढलेला होता. धुतलेला, बंपरला पांढरा रंग दिलेला, आरशांना झेंडूच्या माळा. आणि काचेच्या वरच्या पाटीवर, जिथं त्याच्या बापानं, कडूबानं, कधी एक अक्षर लिहू दिलं नव्हतं, तिथं पिवळ्या ऑइल पेंटनं, लाल सावली देऊन लिहिलं होतं: आईचा आशीर्वाद. रंग ओला होता. 'वा'च्या पोटात एक माशी चिकटून पाय हलवत होती. काचेच्या आतून चतुराबाईचा फोटो नाडीनं बांधला होता. काल ज्याच्यापुढं पान मांडलं तोच फोटो, कालच्याच हारासकट.

सगळं घर अंगणात उभं होतं. सून आकांक्षा मोबाईल दोन्ही हातांत धरून हळूहळू मागं सरकत होती.

"कुणी लिव्हलं हे?" बद्रीनाथनं विचारलं.

"अण्णा, बोलू नका," आकांक्षा हलक्या आवाजात म्हणाली. "नुसतं बघा. डोळे भरून आले तर येऊ द्या."

"पुसा ते."

आकांक्षानं मोबाईल खाली केला आणि नवऱ्याकडं बघितलं. "एवढं कापता येईल," ती म्हणाली. "अण्णा, परत एकदा दारातून याल का?"

लिंबाखालच्या बाजेवरून हसण्याचा आवाज आला. बद्रीनाथची थोरली बहीण गोजरबाई गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. ती नेहमी असंच हसायची, समोरच्याचं काहीतरी सांडल्यावर हसतात तसं.

"चतुरा वरून बघत असंल तर एव्हाना खाली यायला निघाली असंल," गोजरबाई म्हणाली. "सवतीच्या कपाळावर नाव टाकलं व्हय रे पोरांनो तिचं?"

चतुराबाई ट्रकला सवत म्हणायची. गमतीनं नाही. लग्नाच्या दिवशी तिला जाफराबादहून याच ट्रकच्या कॅबिनमध्ये बसवून आणलं होतं. मागं वऱ्हाड गाणी म्हणत होतं आणि पुढं नवरी जाफराबादपासून अंबडपर्यंत ओकत होती. गाडी चालवत होता कडूबा. तो म्हणाला, होईल सवय. दारात माप ओलांडायच्या आधी नवरी नवऱ्याला हळूच म्हणाली, "या गाडीत मी पुन्हा बसणार न्हाई." बद्रीनाथला वाटलं, नव्या नवऱ्या असं काही म्हणत असतात. पण ती पुन्हा बसली नाही. पाऊस असो, बाळंतपण असो, माहेरचं कार्य असो. ट्रकवरून आलेल्या नवऱ्याला ती घरातही घेत नसे. अंगणातल्या हौदावर साबण ठेवलेला असायचा. आधी तिथं अंघोळ, मग तिच्या नाकाची परीक्षा, मग ताट. ती गेल्यावरही बद्रीनाथ हौदावर अंघोळ करूनच आत जात होता. परीक्षा घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून तो जरा जास्तच वेळ घासायचा.

आणि पोरांनी वर्षभरात तिची दुसरीच आई करून टाकली होती. सुरुवात तृप्तीनं केली. मासिक श्राद्धाला तिनं नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं की, आईला आमच्या ट्रकचा फार अभिमान होता. त्यावर एवढे हात जोडलेले आले की, पुढच्या महिन्यात आई रोज पहाटे उठून ट्रकची पूजा करू लागली. दिवाळीपर्यंत आईनं अंगावरचं सोनं मोडून ट्रक घेऊन दिला होता.

"तृप्ते," बद्रीनाथ म्हणाला, "तुझ्या आज्यानं गाडी आणली तव्हा तुझी माय जाफराबादला चौथीत होती. सोनं कुठून मोडलं तिनं, दप्तरातून?"

"भावना बघा ना अण्णा. लोक रडतात वाचून."

"लोकांना रडायचं आसंल तर आपापल्या घरी रडावं."

"झालं," भारत म्हणाला. "निघायच्या टायमालाच करायचं तुम्हाला." भारतनं पांढरा कडक सदरा घातला होता. त्याचं घनसावंगीला बी-बियाणाचं दुकान होतं आणि बाजार समितीची निवडणूक तोंडावर होती. त्याच्या पॅनलचं नाव मातृशक्ती शेतकरी विकास पॅनल होतं. याच पोराला चतुराबाई म्हणाली होती, तुला दुकानातलं गिऱ्हाईक सांभाळंना, तू बाजार काय सांभाळणार. ते पॅनलच्या पत्रकात आलं नव्हतं.

बद्रीनाथला सगळ्यात नवल वाटलं ते लेकीचं आणि सुनेचं. चतुराबाईची लुगडी वाटण्यावरून दोघी दिवाळीपासून बोलत नव्हत्या. काल श्राद्धाच्या स्वयंपाकातही मीठ कुठं आहे हे दोघींनी एकमेकींना गोजरबाईमार्फत विचारलं होतं. आणि आज तृप्ती नणंद आपल्या पदरानं आकांक्षाच्या मोबाईलची काच पुसून देत होती. आईच्या लुगड्यानं जी भांडणं लावली ती आईच्या ट्रकनं मिटवली, असं कुणी म्हणालं असतं तर तेही ग्रुपवर गेलं असतं.

इतक्यात फाटकातून एक छोटी कार आली आणि विषय तेवढ्यावर थांबला. शरदचंद्र आले होते. जालन्यातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात कातडी मोजे, जालन्याच्या उन्हात. गोजरबाईनं मोज्यांकडं बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "यांचे हात भाजले काय?"

पण माणूस वेगळा निघाला. पाटी, हार, पांढरा सदरा यातलं काहीच न बघता तो ट्रककडं गेला. हात पाठीमागं बांधून त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली. खाली वाकला, चाकामागच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडं बघितलं, बोनेटच्या नाकावरच्या जाळीजवळ थांबला.

"बारा-दहा मॉडेल," तो म्हणाला. "नाकवाली. जाळी मूळची आहे. पाटे?"

"मागचे बदलले. पुढचे तेच," बद्रीनाथ म्हणाला.

"स्टेअरिंग?"

"तेच. पावर-बिवर काही न्हाई. खांद्यातून फिरवावं लागतं."

"गिअरबॉक्स डबल क्लचची?"

"मंग."

शरदचंद्रांनी टोपी काढली. "बद्रीनाथराव, हिचा आवाज ऐकवाल का?"

असं वर्षभरात बद्रीनाथला कुणी काही मागितलं नव्हतं. लोक त्याला फक्त देत होते, चहा आणि सल्ला. तो पाटी विसरला. चाकाच्या मधल्या तुंब्यावर पाय देऊन तो कॅबिनमध्ये चढला आणि स्टार्टर दाबला. गाडी दोनदा खोकली, धुराचा एक काळा लोट गोजरबाईच्या दिशेनं सोडला आणि लागली. आधी सगळी कॅबिन थरथरली, मग हळूहळू आवाज बसला. नव्या गाड्या चक्कीवर दळण दळल्यासारख्या एका सुरात घरघरतात. हिचा ठोका न ठोका वेगळा ऐकू यायचा. सहाच्या सहा सिलिंडर आपापली हजेरी देतात, असं बद्रीनाथ म्हणायचा. शरदचंद्र बोनेटला कान लावून उभे राहिले. त्यांच्या टोपीवर काजळी पडली, ती त्यांनी झटकली नाही.

"चौथ्याचा आवाज जरा पुढं येतो," ते म्हणाले.

"लहानपणापासून हाय तसा," बद्रीनाथ म्हणाला. "भारतसारखा. काम न्हाई, पण आवाज पुढं."

"फाट्यापर्यंत एक चक्कर मारायची?"

दोघं निघाले. मागून भारत ओरडला की, फोटो नीट बांधलाय ना बघा. फोटो नीट बांधला नव्हता. खड्डा आला की, फ्रेम काचेवर आपटायची. लग्नाच्या दिवसानंतर बद्रीनाथनं कधी कॅबिनमध्ये शेजारी चतुराबाई बघितली नव्हती, आणि आता ती समोर, काचेला टांगलेली होती. त्याची नजर रस्त्यावर ठरेना. फोटो तृप्तीच्या लग्नातला होता. फोटोवाल्यानं हसा म्हटलं म्हणून तिनं कपाळाला आठी घातली होती ती तशीच आली होती. उसाच्या बैलगाडीला बाजू देताना त्यानं एका हातानं फ्रेम धरून ठेवली.

"वहिनींना गाडीचं फार वेड होतं म्हणे," शरदचंद्र म्हणाले.

"कोण म्हणलं?"

"भारतरावांनी कार्ड पाठवलंय. त्यात छापलंय."

"तिला उलटी व्हायची," बद्रीनाथ म्हणाला.

शरदचंद्रांनी काचेवरच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाले, "आमच्या हिनं माझ्या जीपला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. मी मित्राकडं ठेवतो." आणि थोड्या वेळानं, जरा लाजून, "मला चालवू द्याल?"

बद्रीनाथनं आयुष्यात कुणाला ती गाडी दिली नव्हती. भारतला शिकवायला घेतलं होतं, त्यानं पहिल्याच दिवशी गिअर असा वाजवला की गावातली कुत्री पळाली. पण त्या दिवशी त्याला काय झालं कुणास ठाऊक. चौथ्या सिलिंडरचं त्या माणसानं ओळखलं म्हणून असेल, किंवा फोटोकडं बघत गाडी चालवायची नव्हती म्हणून. त्यानं फाट्यावर गाडी थांबवली आणि सरकून बसला.

पहिला पडला. दुसऱ्याला घर्र वाजलं. "ढकलू नका," बद्रीनाथ म्हणाला. "क्लच दाबा, न्यूट्रल करा, पाय सोडा. आता थांबा. इंजन खाली येऊ द्या. लोक इथंच चुकतात, त्यांना थांबवत न्हाई. आता पुन्हा क्लच. बघा, ती आपणहून घेती." तिसरा लोण्यात सुरी जावी तसा गेला. गिअर उतरवताना मधे रेस देऊन खालचा गिअर कसा घ्यायचा तेही त्यानं सांगितलं. शरदचंद्र खांद्यातून स्टेअरिंग ओढत होते, घामानं भिजले होते आणि शाळेच्या पोरासारखे हसत होते. बद्रीनाथही हसला. वर्षानंतर आपण हसलो, हे त्याला घराच्या फाटकात शिरताना कळलं. तेव्हा स्टेअरिंगवर शरदचंद्रच होते आणि भारत ते बघत होता.

भारत दुकानदार होता. दुसरा माल आला की पहिल्याचा भाव पडतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गाडी थांबली. मागं गाद्या टाकायचं काम सुरू झालं. बद्रीनाथ खाली उतरला आणि त्याला पाटी परत दिसली.

"मी चालवतो," तो म्हणाला. "पण ते पुसायचं. अन् फोटो काढायचा."

"अण्णा, रॅलीत आपल्या गाडीचं नावच तसं दिलंय."

"बदला मंग नाव. न्हाईतर गाडी हलणार न्हाई. तुमच्यातल्या कुणाला येती चालवता?"

सगळ्यांनी नुसतं शरदचंद्रांकडं बघितलं.

"सर," भारत अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुम्हाला तर बराबर जमली की."

"हा तुमच्या घरचा प्रश्न आहे," शरदचंद्र म्हणाले. "मी यात पडणं योग्य नाही." आणि घाम पुसायला काढलेला मोजा त्यांनी परत हातात चढवला.

तृप्ती बापाजवळ आली. तिनं त्याला शेडच्या बाजूला नेलं. "मला माहीत आहे हो आईला ट्रक आवडत नव्हता," ती म्हणाली. "मी का परकी आहे? माझ्या शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही ट्रक घेऊन आलात तेव्हा ती अनोळखी माणसासारखी दुसरीकडं बघत उभी होती. पण हे सांगून काय मिळणार? यांच्या आईला यांच्या बापाचा धंदा पसंत नव्हता, असं म्हणतील लोक."

"म्हणू दे. खरं हाय ते."

"गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं अण्णा."

"हे चांगलंच हाय," बद्रीनाथ म्हणाला. त्याला नीट सांगता येईना. "तुझ्या आज्यापुढं कुणी ब्र काढत न्हवतं. मी बी न्हाई. ती नवी आल्ती, ओकून ओकून उभं राहता येईना, अन् दारात म्हणली, न्हाई बसणार. मंग न्हाईच बसली. समजावलं, रागावलं, हसलं तिला समद्यांनी. मरेपोतर न्हाई म्हणजे न्हाई. या घरात दुसरं कोण एवढं टिकलं कशावर? तू? भारत? मी? तेवढं एकच तिचं स्वतःचं व्हतं, ते बी तुम्ही पुसून वर रंग मारला."

तृप्तीचे डोळे भरले. आकांक्षा नेमकी गाद्यांकडं होती, त्यामुळं तेही मोबाईलवर कुणाला मिळालं नाही. "आता कार्डं वाटून झालीत अण्णा," तृप्ती म्हणाली आणि नाक पुसत निघून गेली.

राहिली गोजरबाई. ती आणि चतुराबाई दहाएक वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कशावरून ते दोघींनाही सांगता आलं नसतं. पण आज सकाळपासून मेलेल्या भावजयीच्या बाजूनं बोलणारी तीच एक होती. बद्रीनाथ बाजेजवळ गेला. "आक्का, तू सांग यांना. तुझं ऐकतेत."

"सांगते की," गोजरबाई म्हणाली आणि उठून उभी राहिली. "ए भारत, चतुराला ती गाडी बिलकुल आवडत न्हवती. नाव पुसून टाक, जल्दी कर."

भारतनं आत्याकडं बघितलं, मग ट्रककडं. "आत्या, मागं गाद्या टाकल्यात खऱ्या," तो म्हणाला, "पण तुमच्या गुडघ्यांना दणके सोसायचे न्हाईत. तुम्ही पुढं कॅबिनात बसता का? सरांच्या शेजारी. अख्ख्या जालन्यातून मिरवणूक जायलीये. सगळ्यात पुढं तुम्हीच दिसाल."

गोजरबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. मग भावाकडं न बघता म्हणाली, "चतुराला गाडी आवडत न्हवती हे खरं हाय. पण बापाची गाडी असून मला कधी कुणी पुढं बसवलं न्हाई, हे बी खरं हाय." आणि तिनं स्टूल मागवलं.

तिला चढवायला भारत, आकांक्षा आणि शरदचंद्र अशी तीन माणसं लागली. वर बसल्यावर तिनं एकदा सगळं अंगण वरून बघून घेतलं. बद्रीनाथला तिच्यावर रागावता आलं नाही. ती बसली होती पण कडूबासारखीच, मान ताठ करून.

मग तो दुसऱ्या बाजूनं चढला आणि नाडी सोडायला लागला. गाठ आकांक्षाची होती, सुटेना. त्यानं दातानं तोडली.

"फोटो राहू द्या अण्णा," भारत खालून म्हणाला.

"फोटो माझ्या बायकोचा हाय."

भारतनं जरा विचार केला. "बरं, न्या," तो म्हणाला. "मागं फ्लेक्स लावलाय, तो मोठा आहे."

फाट्यावर तातेरावचं चहाचं हॉटेल होतं. बद्रीनाथ फोटो काखेत धरून तिथवर चालत गेला आणि बाकावर बसला. हार त्यानं वाटेतच काढून बाभळीला अडकवला होता. तातेरावनं चहा गाळता गाळता त्याला दोनदा बघितलं.

"गाडी बिघडली काय?"

"न्हाई. मस्त चालून राह्यली."

"मंग?"

"यष्टीनं चाललो जालन्याला."

तातेरावनं गाळणी बाजूला ठेवली. "वहिनी याच बाकावर बसायच्या," तो म्हणाला. "एकाच लग्नाला निघायचे तुम्ही दोघं. त्या यष्टीनं, अन् मागून तुम्ही ट्रक घेऊन मोकळेच चाललेले. आम्ही लई हसायचो."

"ती बी हसायची का?"

"न्हाई. त्या नुसत्या आमच्याकडं बघायच्या. मंग आम्ही थांबायचो."

एसटी आली ती भरलेली होती. पण मागं, चाकावरचं दोघांचं एक बाक रिकामं होतं. बद्रीनाथ खिडकीशी बसला आणि त्यानं फोटो शेजारच्या जागेवर उभा ठेवला. कंडक्टरनं तिकीट फाडलं, फोटोकडं बघितलं आणि पुढं गेला. बस सुरू झाली. बद्रीनाथला एसटीची सवय नव्हती. इंजिन कुठं आहे ते कळत नव्हतं, गिअर कधी पडला ते कळत नव्हतं, आणि ड्रायव्हर प्रत्येक खड्ड्यात ब्रेक उशिरा दाबत होता. त्याचे पाय आपोआप खाली दाबले जात होते. त्यानं खिडकी उघडून तोंड वाऱ्याला धरलं. एसटीच्या या त्रासाला वैतागूनही तिनं कधी ट्रक धरला नाही, म्हणजे ट्रकचं किती असेल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो फोटोला सांगावासा वाटला.

पुढच्या थांब्यावर एक बाई पिशव्या घेऊन चढली आणि त्याच्या बाकापाशी येऊन उभी राहिली.

"दादा, फोटो मांडीवर घेता का?" ती म्हणाली. "मला अंबडला उतरायचंय, उभं राहवत न्हाई."

त्यानं फोटो मांडीवर घेतला. बाई बसली, पिशव्या पायाशी दाबल्या.

अंबडच्या अलीकडच्या चढावर मागून हॉर्न आला. बद्रीनाथला वळून बघायची गरज नव्हती. चढाला शरदचंद्र खालचा गिअर घेणार, आणि आता वाजणार, असं तो कान लावून बसला. क्लच, न्यूट्रल, रेस. थांबा. गिअर अलगद पडला. बद्रीनाथला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा लगेच राग आला.

बसवाल्यानं बाजू दिली. ट्रक शेजारून जायला लागला. आधी कॅबिन आली. गोजरबाई समोर बघत होती. रस्ता तिच्यासाठीच मोकळा केल्यासारखी. शरदचंद्रांना बस दिसलीच नाही. त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि सगळं ध्यान गाडीत होतं. मागं गाद्यांवर पाहुणे, भारत उभ्यानं हात जोडून शेताशेतातल्या माणसांना नमस्कार घालत होता, तृप्ती मोबाईलकडं तोंड करून काहीतरी बोलत होती. आणि सगळ्यात शेवटी, मागच्या फळीवर, दाराएवढा फ्लेक्स. त्यावर चतुराबाई. तृप्तीच्या लग्नातलाच फोटो, पण कपाळावरची आठी काढून टाकलेली आणि त्या जागी हसू घातलेलं. खाली दोन हात जोडलेले. ते हात दुसऱ्याच कुणाचे तरी होते. गोरे, बांगड्यांचे.

बसमधली सगळी माणसं खिडकीकडं वाकली. एकानं मोबाईल काढला. "जुनी गाडी हाय, पण काय ठेवलीये," पुढच्या सीटवरचा माणूस म्हणाला, आणि बद्रीनाथला तेही ऐकायला आवडलं.

"कुणाची हो गाडी?" शेजारच्या बाईनं विचारलं. "अन् त्या बाई कोण म्हणायच्या?"

बद्रीनाथनं फ्लेक्स लांब जाईपर्यंत बघितला.

"न्हाई वळखलं," तो म्हणाला.

बाईनं मग त्याच्या मांडीवरच्या फोटोकडं बघितलं. "अन् ह्या?"

"ही माझी बायको. हिला ट्रक आवडत न्हाई."

ट्रकचा धूर अजून खिडकीतून आत येत होता. बाईनं पदर नाकाला लावला. "मला बी न्हाई सहन होत," ती म्हणाली, आणि फ्रेमला घासत होती ती पिशवी उचलून तिनं दुसऱ्या बाजूला घेतली.